टेलिफोन लाइनचा दोष : घरात की घराबाहेर?

एकाच तांब्याच्या जोडीवरून फोन आणि ब्रॉडबँड दोन्ही येतात. त्यातले एक बिघडले आणि दुसरे चालू राहिले, की गोंधळ सुरू होतो. फोनला टोन आहे म्हणजे लाइन चांगलीच असणार, असे धरून मोडेम बदलला जातो आणि नवा मोडेमही तसाच अडखळतो. कधी याच्या उलट घडते. घरातल्याच गंजलेल्या सांध्यासाठी आठवडाभर लाइनमनची वाट पाहिली जाते. तो येतो, इमारतीच्या डीपी बॉक्सवर टोन तपासतो आणि ‘बाहेर सगळे बरोबर आहे’ म्हणून निघून जातो. दोष घरात आहे की घराबाहेर, हे आधी ठरवलेले नसते, म्हणून दोन्ही वेळा पैसा किंवा वेळ वाया जातो. ते ठरवायला थोडा वेळ, एक साधा वायरचा फोन आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मल्टिमीटर असला तर उत्तमच.

तपासणीसाठी सिद्धांत लागतो तो एवढाच. बोलण्याचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो. एडीएसएल ब्रॉडबँड त्याच तारांवर साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते, तर एडीएसएल-२ प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ नावाने ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा बहुतेक घरांतली वायर फक्त बोलण्यासाठी टाकलेली होती. पिळून टेप गुंडाळलेला सांधा बोलणे खपवून घेतो, डिजिटल सिग्नल खपवून घेत नाही. म्हणून ‘फोन चालतो’ हा लाइन चांगली असल्याचा पुरावा धरू नये.

हद्द ओळखावी

एक्स्चेंजच्या मुख्य चौकटीतून निघालेली जोडी भूमिगत केबलने रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत किंवा पिलरपर्यंत येते. तिथून ती इमारतीच्या किंवा गल्लीच्या डीपी बॉक्समध्ये जाते आणि डीपीपासून ड्रॉप वायरने घरात शिरते. घरात ती पहिल्यांदा जिथे थांबते तो छोटा चौकोनी डबा म्हणजे रोझेट. साधारणपणे रोझेटपर्यंतची लाइन कंपनीने सांभाळायची आणि त्यापुढची, विशेषतः ग्राहकाने स्वतः वाढवलेली वायर ग्राहकाने पाहायची, असा व्यवहार असतो.

अडचण अशी, की अनेक घरांत ही हद्दच पुसलेली असते. खिडकीबाहेर ड्रॉप वायर सोलून तिथेच बेडरूमची फांदी जोडलेली असते, आणि रोझेट येतो त्यानंतर. अशा घरात कोणतीही चाचणी नीट उत्तर देत नाही. त्यामुळे पहिले काम हेच : बाहेरून आलेली जोडी दुसरे काहीही न जोडता थेट रोझेटच्या दोन स्क्रूंवर आणावी आणि घरातल्या सगळ्या फांद्या त्याच्या पुढून निघाव्यात. म्हणजे यापुढच्या प्रत्येक तपासणीत एका जागी ‘बाहेर’ आणि ‘घर’ वेगळे करता येतात.

लक्षणांवरून काय कळते

- टोनही नाही, ब्रॉडबँडही नाही : दोन्ही तारा तुटल्या असतील, एकमेकींना चिकटल्या असतील किंवा एक्स्चेंजकडचा दोष असेल.
- टोन नाही, पण ब्रॉडबँड रखडत चालते : दोनपैकी एक तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी. फोनला बंद वर्तुळ लागते. उच्च वारंवारतेचा सिग्नल मात्र एका तारेवरूनही कसाबसा पोहोचतो. हे लक्षण लाइनमनला आवर्जून सांगावे, कारण ‘नेट चालू आहे’ एवढे ऐकून तक्रार बंद केली जाऊ शकते.
- खरखर, आणि पावसात ती वाढते : सांध्यात ओल किंवा तारेवर हिरवा गंज.
- संथ गुणगुण : एक तार कुठेतरी भिंतीला किंवा जमिनीला टेकलेली, नाहीतर वायर विजेच्या तारांसोबत एकाच पाइपातून नेलेली.
- फोन उचलला किंवा रिंग आली की नेट तुटते : एखाद्या फोनला ब्रॉडबँडचा सिग्नल अडवणारा फिल्टर नाही, फोन आणि मोडेमचे सिग्नल वेगळे करणारा स्प्लिटर उलटा जोडला आहे किंवा सांधा कच्चा आहे.
- रिंग एकदाच वाजून थांबते : दोन तारांमध्ये गळती आहे. ती इतकी असते, की कोणी फोन उचलला असे एक्स्चेंजला वाटते.
- मोडेमवर डीएसएलचा दिवा स्थिर, पण इंटरनेटचा दिवा नाही : हा बहुधा वायरिंगचा दोष नसतो. थकलेले बिल, युजरनेम-पासवर्ड किंवा मोडेमची सेटिंग आधी पाहावी.

पहिली चाचणी : सगळे काढून एकच फोन

या चाचणीला मीटर लागत नाही आणि निम्म्याहून अधिक शंका इथेच मिटतात. ती अर्धवट करू नये. माळ्यावर पडलेला जुना फॅक्स किंवा पडद्यामागे विसरलेला पॅरलल फोन जोडलेलाच राहिला, तर निष्कर्ष चुकतो.

१. घरातले सगळे फोन, मोडेम, स्प्लिटर, फॅक्स, कॉलर आयडीचा डबा आणि ईपीएबीएक्सची लाइन काढावी.

२. रोझेट उघडून बाहेरून आलेली जोडी तशीच ठेवावी आणि घरात जाणाऱ्या सगळ्या जोड्या सुट्या कराव्यात. त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

३. खात्रीचा एक वायरचा फोन थेट रोझेटला लावावा. कॉर्डलेस फोन वापरू नये, कारण त्याच्या स्वतःच्या खरखरीने दिशाभूल होते.

४. टोन ऐकावा. एखादा आकडा दाबला की टोन जातो. त्यानंतरच्या शांततेत काही क्षण कान देऊन ऐकावे. खरखर टोनखाली झाकली जाते, शांततेत उघडी पडते.

५. मोबाइलवरून त्या क्रमांकावर फोन करून रिंग पूर्ण वाजते का ते पाहावे.

६. फोन काढून तिथेच थेट मोडेम लावावा आणि निदान अर्धा तास चालू ठेवावा.

इथे दोष दिसला तर तो बाहेरचा. तक्रार नोंदवताना ‘घरातली सर्व वायर वेगळी करून रोझेटवर तपासले’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. इथे सगळे ठीक चालले तर घरातली एकेक जोडी परत जोडत जावे आणि प्रत्येक वेळी फोन व मोडेम दोन्ही तपासावेत. ज्या जोडीने दोष परतला, ती दोषी.

मल्टिमीटरची साक्ष

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या पट्ट्यात ठेवून रोझेटच्या दोन स्क्रूंवर धरावा. फोन ठेवलेला असताना निरोगी लाइन ४८ व्होल्टच्या आसपास दाखवते. काही व्होल्ट इकडेतिकडे चालतात. आकड्याआधी उणे चिन्ह आले तर फक्त मीटरच्या तारा उलट लागल्या आहेत. फोन उचलल्यावर हाच आकडा साधारण ६ ते १२ व्होल्टपर्यंत उतरतो आणि टोन येतो.

दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. शून्य व्होल्ट म्हणजे तार तुटलेली किंवा शॉर्ट. घरातल्या जोड्या सोडवल्याबरोबर ४८ परत आले, तर शॉर्ट घरातच आहे. काहीच न उचलता १० च्या आसपास आकडा दिसला, तर कुठेतरी रिसीव्हर नीट ठेवलेला नाही किंवा ओलीमुळे प्रवाह वाहतो आहे. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे रिकाम्या लाइनवर ४८ दिसतात, पण फोन उचलताच आकडा शून्याजवळ कोसळतो आणि टोन येत नाही. घरातल्या जोड्या सोडवूनही असेच झाले, तर बाहेर एखादा सांधा इतका गंजला आहे, की त्यातून मीटरपुरते व्होल्ट पोहोचतात, फोनला लागणारा प्रवाह पोहोचत नाही. लाइनमनने फक्त व्होल्ट पाहून ‘लाइन चालू’ म्हटले, तर फोन उचलून पुन्हा मोजायला सांगावे.

घरातल्या वायरचा रोध मोजायचा असेल तर आधी बाहेरची जोडी सोडवलेलीच हवी. चालू लाइनवर ओहमच्या पट्ट्यात मीटर लावला तर आकडा निरर्थक येतो आणि मीटरही बिघडू शकतो. जोडी दोन्ही टोकांना मोकळी असताना मीटरने अनंत दाखवले पाहिजे. काही हजार ओहम दिसले तर भिंतीतल्या पाइपात किंवा एखाद्या सॉकेटमध्ये ओल आहे. मग लांबच्या टोकाला दोन तारा एकमेकींना जोडून पुन्हा मोजावे. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध दर १०० मीटरला साधारण १७ ओहम भरतो. म्हणजे ३० मीटर वायरसाठी पाचच्या आसपास. त्याऐवजी ४०-५० दिसले किंवा वायर हलवल्यावर आकडा नाचू लागला, तर वाटेत कच्चा सांधा आहे.

सुरक्षेची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. रिंग येते तेव्हा या तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो. तो झटका बहुधा जीवघेणा नसला, तरी शिडीवर उभ्या माणसाचा तोल घालवायला पुरेसा आहे. ओल्या हाताने किंवा विजा चमकत असताना रोझेट उघडू नये. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मोडेमची फक्त वीज बंद करून भागत नाही, लाइनची पिनही काढावी लागते. विजेची लाट तिकडूनही येते.

पॅरलल वायर : घरातला सर्वांत मोठा दोषी

एकेका खोलीत फोन हवा म्हणून वर्षानुवर्षे फांद्या वाढत जातात. फोन काढला जातो, वायर भिंतीत राहते. बोलण्याला तिचा त्रास नसतो. डिजिटल सिग्नल मात्र त्या आंधळ्या फांदीत शिरतो, टोकाला आपटून परततो आणि मूळ सिग्नलशी भांडतो. फांदीची लांबी सिग्नलच्या तरंगलांबीच्या पाव भागाइतकी असली तर नुकसान सर्वाधिक होते. १ मेगाहर्ट्झला ही लांबी साधारण ५० मीटर, २ मेगाहर्ट्झला २५ मीटर येते. मोठ्या फ्लॅटमध्ये किंवा दुमजली घरात नेमक्या एवढ्याच लांबीच्या फांद्या सापडतात.

म्हणून न वापरल्या जाणाऱ्या फांद्या रोझेटवरच कायमच्या सोडवाव्यात. नुसता लांबचा फोन काढून उपयोग नाही. फांदी मुळाशी तोडायला हवी. लेबल लावून ठेवले की पुढे कधी लागली तर जोडता येते. जिथे नवी वायर टाकायची असेल तिथे बाजारात मिळणारी चपटी टेलिफोन वायर घेऊ नये. तिच्या तारांना पीळ नसतो आणि शेजारच्या विजेच्या वायरचा गोंगाट ती सहज ओढून घेते. कॅट-५ई केबलमधली निळी आणि निळी-पांढरी जोडी वापरावी. विजेच्या वायरिंगपासून निदान वीतभर अंतर ठेवावे आणि तिला ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडावे. सांधा शक्यतो टाळावा. टाळता येत नसेल तर लाइनमनकडे असतात तसे जेली भरलेले दाबायचे कनेक्टर वापरावेत. पिळून टेप लावलेला सांधा पहिल्या पावसाळ्यात तग धरतो आणि बहुधा दुसऱ्यात बिघडतो.

स्प्लिटर कुठे लावावा

स्प्लिटरला तीन तोंडे असतात : लाइन, फोन आणि मोडेम. बाहेरची लाइन ‘लाइन’मध्येच जावी. घाईत फोन आणि लाइन यांची अदलाबदल होते. अशा वेळी टोन येत राहतो, पण मोडेम जुळत नाही. उत्तम व्यवस्था म्हणजे रोझेटला लागूनच एक स्प्लिटर, त्याच्या मोडेमच्या तोंडातून मोडेमपर्यंत पीळ असलेली स्वतंत्र वायर आणि फोनच्या तोंडातून घरातले बाकी सगळे पॅरलल फोन. मग प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लागत नाही. स्प्लिटर झिजणारी वस्तू आहे. विजेच्या लाटेने तो आतून जळतो, बाहेरून तसाच दिसतो. शंका असेल तर तो काढून फक्त मोडेम जोडावा. नेट सुधारले तर स्प्लिटर बदलावा.

मोडेम सांगतो ते आकडे

बहुतेक मोडेमचे पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडते. तिथे ‘स्टेटस’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये दोन आकडे पाहावेत. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरतो ते. तो ६ डेसिबलखाली असेल तर लाइन वारंवार तुटते. १० च्या वर असेल तर निश्चिंत राहावे. अॅटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला ते. ३० च्या आत उत्तम, ६० च्या पुढे अवघड. हा आकडा मुख्यतः एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर अवलंबून असतो, तेव्हा घरात कितीही खटपट केली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. एडीएसएल-२ प्लसचे कमाल २४ एमबीपीएस एक्स्चेंजच्या जवळ राहणाऱ्यांसाठीच असतात. चार-पाच किलोमीटरवर एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी लाइन सदोष आहे असे नव्हे.

खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे तुलना. थेट रोझेटवर आणि मोडेमच्या नेहमीच्या जागी, दोन्हीकडे एसएनआर मार्जिन टिपून घ्यावे. दोन्ही आकडे सारखे असतील तर घरातली वायर निर्दोष. नेहमीच्या जागी तीन-चार डेसिबलने घट झाली असेल, तर ती घट घरातल्या वायरने केली आहे. सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडाही तासाभराच्या अंतराने दोनदा पाहावा. एकूण किती चुका आहेत यापेक्षा त्या तासात किती वाढल्या ते महत्त्वाचे.

इमारतीचा डीपी

सोसायट्यांमध्ये डीपी बहुधा पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली असतो. झाकण गेलेले, तळाशी पाणी, आत मुंग्यांचे वारूळ, असे दृश्य दुर्मीळ नाही. त्या डब्यातल्या जोड्यांना रहिवाशांनी हात लावू नये. एकाची लाइन शोधताना तिघांच्या तुटतात. झाकण बसवून घेणे आणि वरून गळणारा नळ बंद करणे मात्र सोसायटीला जमण्यासारखे आहे. इमारतीच्या रंगकामाआधी ठेकेदाराला बाहेरच्या ड्रॉप वायर दाखवाव्यात. परांच्या बांधताना त्या तुटतात आणि कोणाला कळायच्या आत रंगाखाली झाकल्या जातात.

फायबर आल्यावर घरातल्या तांब्याचे काय

आता अनेक घरांत तांब्याऐवजी फायबर आले आहे आणि फोनची लाइन ओएनटी या डब्यातून निघते. इथे एक चूक महागात पडते. घरभर पसरलेली जुनी वायर वापरता यावी म्हणून ओएनटीच्या फोनच्या तोंडातून एक वायर जुन्या सॉकेटला जोडली जाते, पण बाहेरची तांब्याची जोडी रोझेटवर तशीच राहते. ओएनटी स्वतः व्होल्ट आणि रिंग पुरवतो. एक्स्चेंजकडूनही व्होल्ट येत असतील तर दोन्हींची टक्कर होते आणि ओएनटीचे तोंड जळू शकते. आधी बाहेरची जोडी रोझेटवर सोडवून, टोके वेगवेगळी टेपने बंद करून, मगच ओएनटी जोडावा.

ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर प्रकाश पोहोचत नाही. घरातल्या फायबरला तीक्ष्ण बाक आला आहे का ते पाहावे. गुंडाळी बांगडीपेक्षा लहान करू नये. लाइनमनने मीटरवर पॉवर मोजली तर आकडा विचारून लिहून ठेवावा. उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही काम चालण्याची मर्यादा आहे आणि उणे २७ च्या जवळचा आकडा धोक्याचा. सुट्या फायबरच्या टोकात डोकावू नये, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

फायबर घेण्याआधी आणखी एक विचार करावा. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी तो चालतो. ओएनटी बंद पडला की फोनही बंद. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ओएनटीला छोटा यूपीएस जोडणे चैनीचे नव्हे, गरजेचे आहे. जुना क्रमांक कायम राहणार का, हेही अर्ज करतानाच लेखी विचारून घ्यावे.

तक्रार आणि हक्क

तक्रार तोंडी लाइनमनकडे न करता कंपनीच्या तक्रार केंद्रावरच नोंदवावी आणि डॉकेट क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार असा क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. लाइनमनशी कितीही ओळख असली तरी डॉकेट क्रमांकाशिवाय तो दोष कागदावर घडलेलाच नसतो. तक्रारीत तारीख, लक्षण, रोझेटवरच्या चाचणीचा निष्कर्ष आणि मोजलेले आकडे द्यावेत.

तक्रार केंद्राने प्रश्न सोडवला नाही, तर त्याच नियमांनुसार कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. अपिलासाठी ३० दिवसांची मुदत असते, शुल्क नसते आणि निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. बंद लाइनच्या दिवसांचे भाडे परत मागण्याची सोयही आहे. ट्रायच्या २००९ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत तीन दिवसांहून अधिक काळ दोष राहिल्यास ७ दिवसांचे, सात दिवसांहून अधिक काळ राहिल्यास १५ दिवसांचे आणि पंधरा दिवसांहून अधिक काळ राहिल्यास महिन्याचे भाडे माफ करण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये नवे नियम आले आहेत. सध्या लागू असलेली सवलत किती, हे डॉकेट क्रमांक देऊन कंपनीकडे लेखी मागावे आणि पुढच्या बिलात वजावट दिसते का ते पाहावे.

ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तिथे अर्ज पाठवून वेळ घालवू नये. दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जाता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. टेलिफोनचे वाद आयोगाकडे नेता येत नाहीत, असा समज अनेक वर्षे होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो दूर केला. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही. सोबत डॉकेट क्रमांक, बिलांच्या प्रती, अपिलाचे उत्तर आणि रोझेटवर घेतलेल्या आकड्यांची तारीखवार नोंद जोडावी.